‘छान होता’च्या पुढे: नुकत्याच पाहिलेल्या सिनेमाबद्दल बोलायचं कसं

सिनेमा संपतो, दिवे लागतात, बरोबरचा विचारतो, "कसा वाटला?" आपण म्हणतो, "छान होता." तो म्हणतो, "हो ना, मस्त." विषय संपला. दोन-अडीच तास पडद्यावर माणसं भेटली, भांडली, मेली, आणि त्यावर आपले दोन शब्द. सिनेमा आवडला नसेल तर परिस्थिती जरा बरी असते. ‘बकवास’, ‘रटाळ’, ‘डोक्यावरून गेला’, ‘नुसता ताणलाय’... नावं ठेवताना आपला शब्दसंग्रह एकदम फुलतो.

मित्रांशी बोलताना किंवा स्वतःसाठी चार ओळी लिहून ठेवताना ज्यांना या दोन शब्दांच्या पुढे जायचंय, त्यांच्यासाठी हे टिपण. मी समीक्षक नाही. पाहिलेल्या प्रत्येक सिनेमावर वहीत काहीतरी खरडायची सवय आहे, एवढंच. त्यातल्या सुरुवातीच्या नोंदी आज वाचल्या तर कोणती कोणत्या सिनेमाची हे वरचं नाव झाकल्यावर मलाच ओळखता येत नाही, इतक्या त्या सारख्या आहेत. त्या चुकांमधून जे हाती लागलं ते खाली आहे. गाभा एकच: काय वाटलं हे आपल्याला कळतंच, पडद्यावर दिसलेल्या किंवा कानावर पडलेल्या कोणत्या गोष्टीमुळे ते वाटलं, हे शोधायचं. बाकीची सगळी त्यासाठीची खटपट.

१. काय पाहिलं आणि कसं पाहिलं

वहीतली पहिली ओळ मताची नको. तारीख लिहा. थिएटरात पाहिला, टीव्हीवर की मोबाईलवर. एका बैठकीत की तीन रात्रींत तुकड्यातुकड्याने. मूळ भाषेत सबटायटल्ससह की डब केलेला. ताजेतवाने होतात की डोळे मिटत होते. हे कारकुनी काम वाटेल, पण यातली प्रत्येक गोष्ट मतावर परिणाम करते. डब केलेल्या सिनेमात नटाचा चेहरा एकाचा आणि आवाज दुसऱ्याचा असतो. मग ‘नायक अगदीच लाकडी वाटला’ हे आपण नेमकं कोणाबद्दल म्हणतोय?

टीव्हीवर पाहणाऱ्यांसाठी एक खास सूचना. सिनेमा साधारणपणे सेकंदाला २४ चित्रं या वेगाने चित्रित केलेला असतो. आजकालच्या बऱ्याच टीव्हींमध्ये दोन चित्रांच्या मधे स्वतःच्या हिशेबाने आणखी चित्रं भरून हालचाल गुळगुळीत करण्याची सोय असते, आणि अनेकदा टीव्ही घरी येतो तेव्हापासून ती चालूच असते. मग भलामोठा खर्च करून काढलेला सिनेमाही रोजच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी यांनी २०१८ मध्ये ही सोय बंद करा असं सांगणारा व्हिडिओच काढला होता. तेव्हा ‘छायाचित्रण स्वस्तातलं वाटतं’ असं लिहिण्याआधी एकदा सेटिंग्जमध्ये डोकावा. मी हे दोन वर्षं केलं नव्हतं. त्या काळातल्या छायाचित्रणाबद्दलच्या माझ्या सगळ्या नोंदी रद्द समजाव्यात.

आवृत्तीही लिहा. ‘ब्लेड रनर’ १९८२ मध्ये आला तेव्हा त्यात नायकाच्या आवाजातलं निवेदन होतं. १९९२ च्या आवृत्तीत ते काढलं, शेवटही बदलला. २००७ मध्ये आणखी एक आवृत्ती आली. दोन मित्र या सिनेमावर तासभर वाद घालू शकतात, आणि शेवटी कळतं की दोघांनी वेगवेगळी आवृत्ती पाहिली होती.

२. पहिला तास आपला

सिनेमा संपल्यावर निदान तासभर दुसऱ्या कोणाचंही मत वाचू किंवा ऐकू नका. हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात अवघड आहे, कारण हात आपोआप मोबाईलकडे जातो. आपलं मत अजून ओलं असतं. त्यावर कोणाचा ठसा उमटला की ते त्याच आकाराचं होऊन वाळतं, आणि दुसऱ्या दिवशी आपण ते आपलंच म्हणून सांगत फिरतो.

या तासात फक्त टिपायचं, वाक्यं नीट नसली तरी चालतील. कुठे घड्याळ बघावंसं वाटलं? कुठे खुर्चीत पुढे सरकून बसलो? बाहेर पडताना डोळ्यांसमोर कोणतं चित्र होतं? एखादा आवाज कानात राहिलाय का? काय कळलंच नाही? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे लिहा. न कळलेली गोष्ट लपवायला गेलं की मोठे मोठे शब्द यायला लागतात.

(थिएटरच्या अंधारात मोबाईल उघडून टिपणं काढू नका, मागच्या रांगेतला माणूसही सिनेमाच बघायला आलेला असतो.)

३. अख्खा सिनेमा नको, एक प्रसंग धरा

नवखा माणूस संपूर्ण सिनेमावर बोलायला जातो आणि म्हणूनच अडतो. कथा, अभिनय, संगीत, सगळ्यांना एकेक वाक्य वाटून देतो आणि हाती काही उरत नाही. त्यापेक्षा एकच प्रसंग घ्या, जमल्यास पाच मिनिटांच्या आतला, आणि तो असा सांगा की न पाहिलेल्यालाही दिसेल. कोण कुठे उभं होतं, कॅमेरा जवळ होता की लांब, कोण बोलत होतं आणि आपण मात्र कोणाचा चेहरा बघत होतो. आधी फक्त वर्णन, मत नंतर.

याचा मला आलेला अनुभव सांगतो. ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ हा १९५७ चा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याची माहिती शून्य होती. खुनाचा आरोप असलेल्या एका मुलाबद्दल बारा ज्युरी एका खोलीत बसून निर्णय करताहेत, जवळजवळ सगळा सिनेमा त्या खोलीतच. त्या रात्री वहीत लिहिलं, ‘शेवटी शेवटी गुदमरल्यासारखं झालं. खोली लहान झाल्यासारखी वाटली. (मला सर्दी आहे.)’ कंसातलं कारण मला तेव्हा पुरेसं वाटलं होतं.

बऱ्याच दिवसांनी कळलं की खोली खरोखरच लहान केलेली होती. दिग्दर्शक सिडनी लुमेट यांनी हे सविस्तर सांगितलंय. सुरुवातीच्या भागात कॅमेरा माणसांच्या डोळ्यांच्या वर ठेवला, मधल्या भागात डोळ्यांच्या पातळीवर, आणि शेवटच्या भागात त्याहून खाली, त्यामुळे हळूहळू छत दिसायला लागतं आणि डोक्यावर येतं. शिवाय सिनेमा पुढे सरकेल तशा जास्त लांब पल्ल्याच्या लेन्स वापरल्या. अशा लेन्समधून मागची भिंत माणसाला चिकटल्यासारखी दिसते. आणि अगदी शेवटी माणसं बाहेर पडतात तेव्हा दृश्य मोकळंढाकळं, रुंद लेन्सचं. आपणही त्यांच्याबरोबर श्वास सोडतो.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, लेन्स म्हणजे काय हेसुद्धा धड नाही. तरी जाणवलं ते बरोबर होतं. चूक एवढीच की ‘खोली लहान झाली’ या निरीक्षणावर मी थांबलो नाही, सर्दीवर ढकललं. तेव्हा असं काही विचित्र जाणवलं की ते लिहून ठेवा, मूर्खपणाचं वाटलं तरी. आणि जमलं तर तेवढा प्रसंग पुन्हा लावून बघा, एकदा आवाज बंद करून. आवाज बंद केला की आपण गोष्ट ऐकायचं सोडून चित्र बघायला लागतो.

४. हे नेमकं कोणी केलं?

प्रसंग हाती आला की पुढचा प्रश्न हा. आपली सवय अशी की चांगलं वाटलं तर श्रेय नटाला आणि वाईट वाटलं तर दोष दिग्दर्शकाला. पण मधे बरीच माणसं असतात.

सोव्हिएत दिग्दर्शक लेव कुलेशोव यांचा एक प्रयोग सिनेमा शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगितला जातो. इव्हान मोझुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा घेतला आणि तो तीन वेगवेगळ्या चित्रांना जोडला: सूपचं भांडं, शवपेटी, आणि एक तरुणी. बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यावर एकदा भूक दिसली, एकदा दुःख, एकदा अभिलाषा. वर नटाच्या अभिनयाची तारीफही झाली म्हणतात. नटाने काही केलंच नव्हतं. जे केलं ते दोन चित्रं शेजारी ठेवणाऱ्याने, म्हणजे संकलनाने.

हे एकदा डोक्यात बसलं की ‘अभिनय जबरदस्त’ लिहिताना हात जरा थांबतो. नट बोलत असताना कॅमेरा सलग त्याच्यावर होता का? की मधेच समोरच्याचा चेहरा, मग खिडकी, मग हात असं तुकड्यांनी दाखवलं? सलग दीड मिनिट एकाच चेहऱ्याने आपल्याला धरून ठेवलं असेल तर खुशाल नटाची तारीफ करा. दर दोन सेकंदांनी चित्र बदलत असेल तर थोडं श्रेय संकलकाच्या खात्यावर टाका. मोजायचा सोपा उपाय: चित्र बदललं की बोटाने मांडीवर टिचकी मारायची. मिनिटभर केलं तरी सिनेमाची चाल कळते. पूर्ण सिनेमाभर करू नका, बरोबरची माणसं उठून जातील.

आवाजाचंही तसंच. ‘सायको’ (१९६०) मधला न्हाणीघरातला प्रसंग दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांना मुळात संगीताशिवाय ठेवायचा होता. संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी तरीही फक्त तंतुवाद्यांवर त्याचं संगीत केलं, ते ऐकून हिचकॉक यांनी विचार बदलला. आज तो प्रसंग आठवला की आधी त्या किंचाळणाऱ्या व्हायोलिन्सच आठवतात. पण पार्श्वसंगीत म्हणजेच ध्वनी असं नाही. पावलांचा आवाज, दूरचा पंखा, अचानक पडलेली शांतता हेही कोणीतरी ठरवून ठेवलेलं असतं. रडू आलं तेव्हा व्हायोलिन वाजत होतं का, एवढं तरी आठवून बघा. वाजत असेल तर रडू प्रसंगाने आणलं की वाद्याने, हा पुढचा प्रश्न.

पटकथा, संवाद, छायाचित्रण, संकलन, ध्वनी, कलादिग्दर्शन, वेशभूषा. एवढे सात शब्द सुरुवातीला खूप झाले. बाकीची परिभाषा न वापरलेलीच बरी. ‘कॅमेरा त्याच्या मागे मागे चालत राहतो’ हे कुठल्याही तांत्रिक शब्दापेक्षा चटकन कळतं.

५. गोष्ट सांगत बसू नका

मताच्या नावाखाली बहुतेक जण कथाच सांगतात, तीही शेवटापर्यंत. माझा हिशेब असा: कथेला तीन वाक्यं. कोण माणूस, त्याला काय हवंय, आणि काय आडवं येतंय. पहिल्या अर्ध्या तासाच्या पुढचं काही सांगायचं असेल तर आधी समोरच्याला विचारायचं, "पाहिलायस का?"

शेवट न फोडण्याचा हा आग्रह काही आजचा नाही. १९५५ च्या ‘ले दियाबोलिक’ या फ्रेंच सिनेमाच्या अखेरीस पडद्यावर विनंतीच येते की हे मित्रांना सांगू नका. पाच वर्षांनी ‘सायको’च्या वेळी हिचकॉक यांनीही शेवट सांगू नका असं प्रेक्षकांना बजावलं, आणि सिनेमा सुरू झाल्यावर कोणाला आत सोडू नका असं थिएटरांना. मात्र या बाबतीत अतिरेकही होतो. काही जण नायकाचं नाव सांगितलं तरी कानांवर हात ठेवतात. जो सिनेमा शेवट कळल्यावर बघण्यासारखा उरत नाही, त्याबद्दल खरं तर तेवढंच एक मत पुरेसं आहे, पण तेही शेवट न सांगता द्या.

६. गुळगुळीत झालेली वाक्यं

‘भूमिकेला पुरेपूर न्याय दिला आहे.’ ‘अभिनयाची जुगलबंदी.’ ‘संगीत श्रवणीय, छायाचित्रण नेत्रसुखद.’ ‘उत्तरार्धात पकड सुटते.’ ‘एकदा बघायला हरकत नाही.’ ही वाक्यं आपण इतकी वाचली आहेत की सिनेमा न पाहताही लिहू शकतो. तीच त्यांची परीक्षा. जे वाक्य सिनेमा न पाहणाऱ्यालाही लिहिता येईल ते खोडायचं.

समजा एक काल्पनिक सिनेमा आहे. वर्षानुवर्षं न बोललेले बाप-लेक एका लांबच्या प्रवासात एकाच गाडीत अडकतात. माझी जुनी वही असती तर नोंद अशी झाली असती: ‘कथा साधी पण हृदयस्पर्शी. दोघांचा अभिनय उत्तम. छायाचित्रण सुंदर. दुसरा भाग थोडा लांबला. जरूर पाहावा.’

तीच आता अशी लिहीन: ‘पहिला तासभर बाप आणि मुलगी एका चौकटीत येतच नाहीत. तो दिसतो तेव्हा ती नसते, ती दिसते तेव्हा मागच्या सीटवर फक्त त्याचा आवाज. मला हे कळलं नव्हतं, नुसती चिडचिड होत होती. मग गाडी बंद पडते, दोघं बॉनेटवर वाकतात आणि पहिल्यांदा दोन्ही चेहरे एकत्र दिसतात. संवाद फक्त इंजिनबद्दल आहे, तरी माझा घसा दाटला. त्यानंतर मात्र लेखकाला धीर राहिला नाही. जे बॉनेटवर न बोलता झालं, तेच पुढची वीस मिनिटं दोघं एकमेकांना बोलून सांगतात.’

दुसरी नोंद लांब आहे हे मान्य. पण ती वाचून एखादा म्हणू शकतो, ‘मला तर ती शेवटची वीस मिनिटंच आवडली, इतका वेळ दोघं गप्प असल्यावर कुणीतरी बोलायला हवंच होतं.’ आणि गप्पा सुरू होतात. पहिल्या नोंदीवर कोणी काय बोलणार?

७. तारे आणि टक्के

द्यायचेच असतील तर द्या, पण सगळ्यात शेवटी. आधी साडेतीन तारे दिले की पुढचं लिखाण त्या साडेतीनची वकिली करण्यात जातं.

दुसऱ्यांचे आकडे वाचताना ते कशाचे आहेत हे मात्र बघा. ‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळावरची समीक्षकांची टक्केवारी म्हणजे सिनेमाला मिळालेले गुण नव्हेत; किती टक्के समीक्षकांचं मत अनुकूल आहे, एवढंच ती सांगते. दहाही समीक्षकांना सिनेमा ‘ठीक आहे, बरा आहे’ वाटला तर १०० टक्के. सहा जण वेडे झाले आणि चौघं चिडून बाहेर पडले तर ६० टक्के. यातला दुसरा सिनेमा मी आधी बघेन. ‘मेटाक्रिटिक’चा आकडा समीक्षकांच्या गुणांची भारित सरासरी (म्हणजे काहींच्या गुणांना जास्त वजन) असतो, तर ‘आयएमडीबी’वरचा आकडा प्रेक्षकांच्या दहापैकी गुणांवरून काढलेला. तीन आकडे, तीन वेगळे प्रश्न. त्यांची आपसात तुलना करून वाद घालणारे लोक मला नेहमी भेटतात.

८. समोरच्याला आवडला आणि तुम्हाला नाही

इथे बहुतेक गप्पा बिघडतात, कारण ‘सिनेमा वाईट आहे’चा अर्थ समोरचा ‘तुझी आवड वाईट आहे’ असा घेतो. अनेकदा आपल्याला म्हणायचंही तेच असतं, हे सोडा. उपाय एकच मला लागू पडलाय. "तुला का आवडला?" असं विचारू नका, त्यात उलटतपासणीचा सूर येतो. "तुला कोणता प्रसंग आठवतोय?" असं विचारा. तो प्रसंग सांगायला लागतो, आपल्यालाही तो आठवतो, आणि बऱ्याचदा लक्षात येतं की त्या वेळी आपण दुसरीकडेच बघत होतो.

‘तुला कळलाच नाही’ आणि ‘एवढा विचार कशाला करायचा, सिनेमाच तर आहे’ ही दोन वाक्यं वर्ज्य. दोन्हींनी बोलणं तिथेच थांबतं. दिग्दर्शक थोर आहे म्हणून सिनेमा थोर, हाही युक्तिवाद नको. थोर माणसांचे सिनेमेही पडतात, आणि पडलेले कधीकधी उठतातही.

९. नोंद खोडू नका

हिचकॉक यांचा ‘व्हर्टिगो’ १९५८ मध्ये आला तेव्हा त्याचं स्वागत संमिश्र होतं. ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांकडून सर्वश्रेष्ठ सिनेमांचा कौल घेतं. पहिल्या वेळी ‘बायसिकल थीव्हज’ अव्वल आला. १९६२ पासून २००२ पर्यंत सलग पाच वेळा ‘सिटिझन केन’. आणि २०१२ मध्ये त्याला खाली ढकलून वर आला तो ‘व्हर्टिगो’, ५४ वर्षांनी. पुढच्या खेपेला, २०२२ मध्ये, शांताल अकरमन यांच्या १९७५ च्या ‘जान दिएल्मान’ने त्यालाही मागे टाकलं. म्हणजे ज्यांचा हा पेशाच आहे तेही मत बदलतात, आणि त्यांच्या जुन्या याद्या छापील असल्यामुळे खोडता येत नाहीत.

तुमची वहीही तशीच ठेवा. सिनेमा पुन्हा पाहिला आणि मत बदललं तर जुनं तसंच राहू द्या, खाली नवी तारीख टाकून नवी ओळ लिहा. माझ्या वहीत ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’च्या पानावर आता तीन नोंदी आहेत. दुसरी लेन्सचं कळल्यानंतरची, भलतीच लांब, त्यात लेन्सशिवाय काहीच नाही. तिसरी गेल्या वर्षीची: ‘या वेळी कॅमेऱ्याकडे लक्षच गेलं नाही. त्या खोलीतला शेवटपर्यंत अडून बसलेला माणूस माझ्यासारखा बोलतो. पुन्हा गुदमरलो. सर्दी नव्हती.’